झांबिया १९९१: सत्तावीस वर्षांची सत्ता मतपेटीतून कशी गेली

दूरदेशी

१९७७ च्या निवडणुकीवरच्या धाग्यात मी झांबियाचा ओझरता उल्लेख केला होता. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. आफ्रिकेतली बातमी आपल्याकडे पोहोचते ती लष्करी बंडाची, दुष्काळाची नाहीतर साथीच्या रोगाची. सत्तावीस वर्षं राज्य केलेला माणूस, राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा, निवडणूक हरला, टीव्हीवर येऊन त्याने पराभव मान्य केला, जिंकलेल्याचं अभिनंदन केलं आणि घर रिकामं करून दिलं, ही गोष्ट मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. हे सत्तांतर कुणी वरून बहाल केलं नाही. ते तांब्याच्या खाणीतून वर आलं. आणि ज्या कामगारांनी ते आणलं त्यांचंच कंबरडं पुढच्या दहा वर्षांत मोडलं. या दुसऱ्या भागाबद्दल फार थोडं बोललं जातं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

२४ ऑक्टोबर १९६४ ला उत्तर ऱ्होडेशियाचा झांबिया झाला. देशात पदवीधर जेमतेम शंभर. निर्यातीच्या कमाईत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या तांब्याचा. समुद्र नाही. दक्षिणेला इयान स्मिथची गोऱ्यांची ऱ्होडेशिया, पूर्वेला आणि पश्चिमेला पोर्तुगीज वसाहती. केनेथ काउंडांचा युनिप पक्ष सत्तेत होता आणि हॅरी न्कुम्बुलांची जुनी काँग्रेस विरोधात होती. म्हणजे सुरुवात बहुपक्षीयच होती, हे लक्षात ठेवा. १९७१ मध्ये काउंडांचे बालमित्र आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष सायमन कापवेपवे फुटले आणि त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. बेम्बा भाषक उत्तरेत आणि तांब्याच्या खाणपट्ट्यात (कॉपरबेल्टमध्ये) त्यांचं वजन होतं. धोका खरा होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये त्या पक्षावर बंदी आली, कापवेपवे तुरुंगात गेले आणि त्याच महिन्यात काउंडांनी जाहीर केलं की देश एकपक्षीय होणार. एक आयोग नेमला, पण त्याला प्रश्न विचारला होता तो एकपक्षीय राज्य कसं असावं एवढाच. असावं की नसावं, हे आधीच ठरलं होतं. डिसेंबर १९७२ मध्ये कायदा झाला. १९७३ मध्ये चोमा गावी करार करून न्कुम्बुलाही युनिपमध्ये विलीन झाले.

त्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार एकच. मतदाराने हो किंवा नाही म्हणायचं. १९७८ मध्ये कापवेपवे आणि न्कुम्बुला पक्षातूनच काउंडांविरुद्ध उभे राहायला निघाले, तर पक्षाने नियमच बदलले. १९८८ मध्ये काउंडांना पंचाण्णव टक्क्यांवर 'हो' मिळाले. तीन वर्षांनी याच देशाने त्यांना चोवीस टक्के मतं दिली.

मधल्या काळात काय झालं? १९७४-७५ ला तांब्याचा भाव कोसळला. खाणींची ५१ टक्के मालकी सरकारने १९६९ मध्येच घेतलेली, तेव्हा तोटाही सरकारच्याच गळ्यात. त्याच सुमारास तेल महागलं. ऱ्होडेशियाची सीमा बंद. चीनने बांधलेली टान्झानियाची १,८६० किलोमीटरची रेल्वे हाच काय तो मोठा आधार. सरकारने कर्ज काढून शहरातल्या लोकांना स्वस्त मक्याचं पीठ दिलं. न्शिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिथलं रोजचं जेवण. ती नसेल तर माणूस जेवलो म्हणतच नाही. डिसेंबर १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (आयएमएफच्या) अटीनुसार सरकारने चांगल्या पिठावरचं अनुदान काढलं आणि भाव एकदम दुपटीच्याही वर गेला. खाणपट्ट्यातली किटवे, न्डोला ही शहरं पेटली. माणसं मेली. काउंडांनी भाव मागे घेतला आणि १ मे १९८७ ला आयएमएफशी काडीमोड घेतला. कर्जफेडीवर निर्यात उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. ते निभलं नाही. दोन वर्षांत पुन्हा त्याच दारात जावं लागलं, आणि जून १९९० मध्ये पिठाचा भाव पुन्हा दुप्पट झाला.

या वेळी राजधानी लुसाका पेटलं. विद्यापीठातली मुलं बाहेर पडली, मागोमाग वस्त्यांमधली माणसं. चिलेंजेमधलं काउंडांचं स्वातंत्र्यलढ्याच्या काळातलं घर राष्ट्रीय स्मारक होतं, त्याचीही नासधूस झाली. वीसहून जास्त लोक मारले गेले. ३० जूनच्या पहाटे म्वाम्बा लुचेम्बे नावाच्या लेफ्टनंटने रेडिओ केंद्र ताब्यात घेऊन काउंडांची सत्ता गेल्याचं जाहीर केलं. बंड काही तासांतच मोडलं, पण तेवढ्या वेळात लोक रस्त्यावर येऊन नाचले. चारच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, तुरुंगातून सुटल्यावर मंडेला परदेशात पहिल्यांदा आले ते याच लुसाकाला, आणि त्यांच्या स्वागताला काउंडा वडीलधाऱ्यासारखे उभे होते. जगासमोरचा तो मान आणि घरातला हा संताप, दोन्ही एकाच वर्षात.

पुढचं भराभर घडलं. जुलै १९९० मध्ये लुसाकाच्या गार्डन हाउस हॉटेलात वकील, प्राध्यापक, व्यापारी, युनिपने बाजूला सारलेले जुने मंत्री आणि कामगार नेते जमले आणि बहुपक्षीय लोकशाहीची चळवळ उभी राहिली. हीच एमएमडी. काउंडा आधी सार्वमत घेणार होते, मग त्यांनी तारीख वर्षभर पुढे ढकलली, मग सप्टेंबरात सार्वमतच रद्द करून थेट निवडणुकीला तयार झाले. १७ डिसेंबर १९९० ला एकाच पक्षाला मान्यता देणारं कलम ४ बदललं. ३१ ऑक्टोबर १९९१ ला मतदान झालं. एमएमडीचे उमेदवार आणि कामगार महासंघाचे अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबांना ७६ टक्के मतं मिळाली, आणि संसदेच्या १५० पैकी १२५ जागा एमएमडीला. २ नोव्हेंबरला शपथविधी झाला. मतदान संपल्यापासून शपथेपर्यंत दोन दिवस.

हे सगळं खाणीतून कसं वर आलं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. कुणाचा तिथल्या कुणाशी संबंध आला असेल तर जरूर लिहा.

पिंपळपान

वाचतेय. पुढचा भाग लवकर टाका.

सातपुडा

माहितीपूर्ण. एक शंका. १९८९ च्या शेवटी बर्लिनची भिंत पडली, रशियाचा आधार गेला आणि पाश्चात्त्य देशांनी मदतीला अटी लावल्या. बेनिन, केनिया, मलावी, सगळीकडे त्याच दोन-चार वर्षांत बहुपक्षीय पद्धत आली. मग झांबियाचं श्रेय खाणकामगारांना कसं? वारा बाहेरून सुटला होता, असं म्हणणं जास्त बरोबर नाही का?

दूरदेशी

@सातपुडा, वारा बाहेरून होता हे मान्यच. खुद्द चिलुबांनी १९८९ च्या अखेरीला जाहीरपणे विचारलं होतं की समाजवादाचे मूळ मालकच एकपक्षीय पद्धत सोडत असतील तर आफ्रिकेने ती का धरून ठेवायची? पण एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या झैरेमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, हुकूमशहा मोबुटूनेही १९९० मध्ये बहुपक्षीय पद्धत जाहीर केली. पक्ष शेकड्यांनी निघाले आणि मोबुटू १९९७ पर्यंत जागचा हलला नाही. वारा तोच, मग फरक कुठे पडला?

फरक संघटनेत पडला. १९७१ च्या औद्योगिक संबंध कायद्याने काउंडांनी एका उद्योगात एकच संघटना आणि साऱ्या देशात एकच महासंघ, अशी रचना केली. कामगारांना मुठीत ठेवणं हा हेतू होता. पण त्याच कायद्याने वर्गणी थेट पगारातून कापून महासंघाला मिळायला लागली. ऐंशीच्या दशकापर्यंत महासंघाचे तीन लाखांवर सदस्य होते. स्वतःचा पैसा, स्वतःच्या निवडणुका, आणि प्रत्येक खाणीवर, प्रत्येक रेल्वे स्थानकावर, प्रत्येक शाळेत शाखा. युनिपच्या बाहेर देशभर पसरलेल्या दोनच गोष्टी होत्या, चर्च आणि ही संघटना.

१९८० मध्ये सरकारने नवी जिल्हा परिषद पद्धत आणली. खाणींच्या वसाहती त्या परिषदांखाली जाणार होत्या आणि त्या निवडणुकीत मत फक्त युनिपच्या सदस्यांना. खाणकामगारांची घरं, दवाखाने, पाणी, सगळं खाण कंपनी पाहायची. ते पक्षाच्या हाती जाणार हे दिसल्यावर संघटनेने ठाम नकार दिला. जानेवारी १९८१ मध्ये कामगार नेत्यांना पक्षातून काढलं. त्यावर खाणी बंद पडल्या. जुलैमध्ये चिलुबा आणि त्यांचे तीन सहकारी स्थानबद्ध झाले. काही महिन्यांनी न्यायालयाने त्यांना सोडलं. हे १९८१ आहे, बर्लिनच्या भिंतीच्या आठ वर्षं आधीचं. पुढच्या दशकात काउंडांनी चिलुबांना पद देऊन आत ओढायचा प्रयत्न केला, ते गेले नाहीत.

म्हणून १९९० मध्ये गार्डन हाउसला जमलेल्या वकील-प्राध्यापकांना गावोगावी सभा भरवायला तयार जाळं मिळालं. शून्यातून पक्ष बांधावा लागला नाही. मोबुटूच्या विरोधकांकडे नेमकं तेच नव्हतं.

कॉपरबेल्टची लेक

हा धागा माझ्यासाठीच निघाला असं वाटलं. माझे बाबा ऐंशीच्या दशकात किटवेच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. त्या काळी भारतातून पुष्कळ शिक्षक करारावर झांबियाला जात. माझं बालपण तिथलंच.

पिठाची कुपनं मला चांगली आठवतात. पीठ, तेल, साखर, साबण यापैकी काहीतरी एक नेहमी दुकानातून गायब. ट्रक आला अशी बातमी आली की आई चपला न घालता सुद्धा बाहेर पडायची. आमच्या शेजारी खाणीत काम करणारं कुटुंब होतं, त्यांच्याकडे खाणीच्या दुकानातून थोडं जास्त मिळायचं आणि ते आम्हाला द्यायचे. आमच्याकडून डाळ जायची. १९८६ च्या डिसेंबरात शाळेला सुट्टी होती. बाबांनी खिडक्यांना आतून गाद्या लावल्या होत्या. बाहेर दुकानं फोडल्याचा आवाज यायचा. आम्हाला कुणी हात लावला नाही. राग सरकारी दुकानांवर होता.

बाबांचा पगार तिथल्या चलनात, क्वाचात. त्यातला ठरावीक भागच बाहेर पाठवता यायचा आणि परवानगीला महिनोन्महिने लागायचे. क्वाचा घसरत होता, त्यामुळे परवानगी येईपर्यंत त्या पैशांचं मोल अर्धं झालेलं असायचं. अखेर आम्ही नाशिकला परतलो.

पण बाबांच्या तोंडून काउंडांबद्दल मी कधी वाईट शब्द ऐकला नाही. ते म्हणायचे, या माणसाने प्रत्येक मुलाला वही-पेन्सिल फुकट दिली आणि सत्तर-बहात्तर भाषांच्या लोकांना एका वर्गात बसवलं. 'वन झांबिया, वन नेशन' ही आमच्या शाळेत नुसती भिंतीवरची घोषणा नव्हती. आमच्या वर्गात बेम्बा, लोझी, टोंगा, न्यांजा बोलणारी मुलं एका बाकावर असत आणि कोण कुठलं हे आम्हाला ठाऊकही नसे.

गोदाकाठ

ताई, फार छान लिहिलंत. खाणवसाहतीबद्दल अजून लिहा ना.

सातपुडा

वरच्या प्रतिसादाने माझा मुद्दा अर्धा मांडला. शेजारी काँगोत यादवी, अंगोलात यादवी, मोझांबिकमध्ये यादवी, ऱ्होडेशियात युद्ध, आणि ऱ्होडेशियन विमानं झांबियात घुसून बॉम्ब टाकतायत. दक्षिण आफ्रिकेतल्या ओलिव्हर टांबोंच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं मुख्यालय लुसाकात. अशा देशात पक्ष टोळीवार फुटले असते तर? काउंडांनी एकपक्षीय राज्य केलं म्हणून देश एकसंध राहिला, हे कबूल करायला हवं. सगळ्याच एकपक्षीय राजवटी एका मापाने मोजणं मला बरोबर वाटत नाही. काउंडांचा झांबिया आणि हेस्टिंग्ज बांडांचा मलावी यांत जमीनअस्मानाचा फरक होता.

अॅड. सावनी

@सातपुडा, मलावीशी तुलना केली तर काउंडा उजवे ठरतातच. झांबियात एकपक्षीय काळातही खासदारकीला युनिपचे दोन-तीन उमेदवार आपसात लढायचे, मंत्री पडायचे, मागच्या बाकावरचे खासदार सरकारला धारेवर धरायचे. न्यायालयं बऱ्याच अंशी शाबूत होती. चिलुबांना न्यायालयानेच सोडलं हे वर आलंच आहे.

पण 'म्हणून देश एकसंध राहिला' हे मला पटत नाही, आणि माझा आक्षेप कायद्याचा आहे. झांबियात आणीबाणी १९६४ पासून लागू होती. अॅलिस लेन्शिनाच्या लुम्पा पंथाविरुद्धच्या कारवाईच्या वेळी ती लागली आणि वर्षानुवर्षं वाढवत नेली. ऱ्होडेशियाचं युद्ध १९८० मध्ये संपलं, झिंबाब्वे झाला. आणीबाणी उठली का? नाही. ती १९९१ मध्ये चिलुबांनी उठवली. सीमेवरच्या शत्रूसाठी घेतलेले अधिकार शत्रू गेल्यावरही वापरले गेले, ते संपकऱ्यांविरुद्ध आणि टीकाकारांविरुद्ध. आपल्याकडची एकवीस महिन्यांची आणीबाणी ज्यांच्या घरात शिरली होती त्यांना सत्तावीस वर्षांच्या आणीबाणीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि एकसंधपणाचंच म्हणाल, तर १९९१ नंतर सात-आठ वेळा बहुपक्षीय निवडणुका झाल्या, सत्ता आणखी दोनदा पक्षाकडून पक्षाकडे गेली. देश फुटला नाही. मग तो एका पक्षामुळे टिकला होता असं कशावरून?

सातपुडा

शाळेतल्या बाकावर एकत्र बसलेली पिढी १९९१ मध्ये मतदार झाली होती, म्हणून फुटला नाही. हे माझं मत आहे, पुरावा मागू नका. :-)

दूरदेशी

सातपुडांच्या या वाक्यात मला बरंच तथ्य दिसतं. एकजूट शाळांनी आणि खाणवसाहतींनी घडवली, राजकीय बंदीने नव्हे, असं मी त्यात घालेन. १९९१ च्या निकालात प्रादेशिक रंग होताच: पूर्व प्रांतातल्या सगळ्या १९ जागा युनिपला गेल्या. बाकी देशात मिळून सहा.

आता चर्चबद्दल, कारण तो धागा सुटायला नको. जुलै १९९१ मध्ये घटनेच्या मसुद्यावरून दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या होत्या. एमएमडी निवडणुकीवर बहिष्कार घालेल अशी वेळ आली. तेव्हा चर्चच्या पुढाऱ्यांनी काउंडा आणि चिलुबांना लुसाकाच्या होली क्रॉस कॅथेड्रलमध्ये समोरासमोर बसवलं. प्रार्थना झाली, मग बोलणी झाली, तडजोड निघाली आणि ऑगस्टमध्ये नवी घटना आली. काउंडांचे वडील चिन्सालीजवळच्या लुब्वा मिशनचे पाद्री, चिलुबा प्रवचनं देणारे कडवे ख्रिस्ती. दोघांनाही तिथे आवाज चढवणं अवघड होतं. वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही सरकारच्या हातात असताना बेम्बा भाषेतलं कॅथलिक मासिक 'इचेंगेलो' खाणपट्ट्यात घरोघरी वाचलं जायचं, तेही विसरू नका.

निशांत७

इथवर सगळं छान चाललंय, पण चिलुबांनी पुढे काय केलं त्यावर कुणी बोलत नाहीये. मी काही वर्षं लुसाकाला नोकरीनिमित्त होतो. तिथल्या टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकजण '९१ च्या ऑक्टोबरबद्दल बोलताना आधी खुलायचा आणि पुढच्या दहा वर्षांवर आला की गप्प व्हायचा.

अॅड. सावनी

ते मी लिहिते, कारण माझ्या मते तोच खरा धडा आहे.

१९९१ मध्ये पक्षांची संख्या बदलली. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार जवळपास तसेच राहिले. सभा घ्यायची तर पोलिसांच्या मर्जीवर, हा वसाहतकाळातला सार्वजनिक सुव्यवस्था कायदाही तसाच राहिला. ज्या कायद्याने काउंडांनी एमएमडीला छळलं तोच चिलुबांनी युनिपला लावला, आणि नंतरच्यांनी त्यांच्या विरोधकांना. मार्च १९९३ मध्ये, म्हणजे आणीबाणी उठवल्यावर दीड वर्षाच्या आत, ती पुन्हा लागली. युनिपमधल्या काही जणांनी सरकार उलथायचा कट रचल्याचं कारण होतं.

१९९६ ची घटनादुरुस्ती तर वाचून संताप येतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आई-वडील दोघेही झांबियाचेच असले पाहिजेत. काउंडांचे आईवडील न्यासालँडहून, म्हणजे आजच्या मलावीतून आलेले. पारंपरिक प्रमुखांनाही बंदी, कारण युनिपच्या उपाध्यक्षपदी एक लोझी प्रमुख होते. व्यक्तीकडे पाहून घटना शिवली. युनिपने बहिष्कार घातला आणि चिलुबा सहज जिंकले. ऑगस्ट १९९७ मध्ये काबवे इथे पोलिसांच्या गोळीने काउंडा जखमी झाले, सोबत रॉजर चोंग्वेही. चोंग्वे हे एमएमडीच्या पहिल्या फळीतले वकील आणि चिलुबांच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी काउंडांना बंडाच्या प्रकरणात अटक झाली. १९९९ मध्ये न्डोलाच्या उच्च न्यायालयाने त्यांना राष्ट्रहीनच ठरवून टाकलं. सत्तावीस वर्षं देशाचा अध्यक्ष असलेला माणूस त्या देशाचा नागरिक नाही! पुढे सर्वोच्च न्यायालयात ते उलटलं.

गोदाकाठ

हे वाचून हादरलो. ज्याने शांतपणे सत्ता सोडली त्याच्याशी असं वागल्यावर आजूबाजूच्या देशातले सत्ताधारी काय शिकले असतील?

दूरदेशी

@गोदाकाठ, नेमकं तेच माझ्याही मनात आहे. आणि आता तो कामगारांचा भाग, ज्यासाठी धागा काढला.

एमएमडी निवडून आली ती 'वेळ आली आहे' या घोषणेवर. कामगारांनी चिलुबांना मत दिलं कारण ते आपले होते. तो विश्वास हीच सरकारची खरी पुंजी होती आणि तीच खर्चून त्यांनी काउंडांना जे जमलं नव्हतं ते केलं. पिठाचं अनुदान काढलं. दंगल झाली नाही. परकीय चलनावरचे निर्बंध उठले. आयात खुली झाली. सरकारी विमान कंपनी १९९४ मध्ये बंद, सरकारी बस कंपनी बंद. पाश्चात्त्य देशांतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येऊ लागले, तिथे त्याला सालाउला म्हणतात, आणि कापड गिरण्या एकामागून एक मिटल्या.

मग खाणी. एकत्र सरकारी कंपनी तुकड्यातुकड्यांनी विकली. लुआन्श्याची खाण १९९७ मध्ये बिनानी या भारतीय समूहाला गेली आणि २००० मध्ये ती अवसायनात निघाली. कोंकोलाची खाण आधी अँग्लो अमेरिकन कंपनीकडे. ते २००२ मध्ये सोडून गेले, तेव्हा २००४ मध्ये वेदांताने ५१ टक्के वाटा घेतला. सत्तरच्या दशकात खाणींमध्ये साठ हजारांवर कामगार होते. २००० पर्यंत ते पंचवीस हजारांच्याही खाली आले. कॉपरबेल्टची लेक यांनी ज्या वसाहतीचं वर्णन केलंय तिथले दवाखाने, पाणी, रस्ते हे सगळं खाणीच्या खर्चाने चालायचं. नव्या मालकांनी त्यातलं बरंच अंगावर घेतलं नाही.

महासंघाची वर्गणी पगारातून यायची. पगारच गेले तर वर्गणी कुठली? देशातली सर्वात बळकट, सरकारला न जुमानणारी संघटना अशी आतून पोकळ झाली, आणि ते तिच्याच माजी अध्यक्षाच्या कारकिर्दीत. काउंडांना वीस वर्षांत तिला मोडता आलं नव्हतं.

सातपुडा

यावर मी असहमत होऊ शकत नाही. पण पर्याय काय होता? १९९१ मध्ये देशाची तिजोरी रिकामी होती, खाणींमध्ये वर्षानुवर्षं गुंतवणूक नव्हती, उत्पादन सात लाख टनांवरून घसरत चाललं होतं. सरकारने खाणी ठेवल्या असत्या तरी कामगार कमी झालेच असते.

दूरदेशी

काही प्रमाणात हो. पण विक्रीला इतका उशीर झाला आणि करारांत इतक्या सवलती दिल्या गेल्या की तांब्याचा भाव २००४ नंतर चढला तेव्हा त्यातलं देशाच्या हाती फार थोडं लागलं. खनिजाच्या रॉयल्टीचे दर नगण्य होते. ते बदलायला २००८ उजाडलं. या करारांवर संसदेत धड चर्चा झाली नाही, आणि अशी चर्चा घडवून आणण्याइतका ताकदवान विरोधी पक्ष १९९६ च्या दुरुस्तीनंतर उरला नव्हता. सावनींचा मुद्दा आणि माझा मुद्दा इथे एकत्र येतात.

निशांत७

एक गोष्ट मात्र चिलुबांच्या काळातच घडली आणि तिचा तिथल्या लोकांना फार अभिमान आहे. २००१ मध्ये चिलुबांना तिसरी खेप हवी होती. घटनेत दोनच. वकील संघटना, चर्चच्या तीन संस्था आणि महिला संघटना एकत्र आल्या, लुसाकातल्या ज्या उपाहारगृहात जमल्या त्याच्या नावावरून त्यांना ओएसिस फोरम म्हणू लागले. लोक हिरव्या फिती लावून कामावर जायचे, शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांचे भोंगे वाजवायचे. चिलुबांनी उपराष्ट्राध्यक्षांसकट वीसहून जास्त बंडखोरांना पक्षातून काढलं, पण त्यांच्याच खासदारांनी महाभियोगाच्या प्रस्तावावर सह्या केल्या. मेच्या सुरुवातीला चिलुबांनी टीव्हीवर सांगितलं, मी उभा राहणार नाही.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी म्हणायचे की '९१ मध्ये आम्ही काउंडांना कंटाळून मत दिलं, पण २००१ मध्ये आम्ही घटना वाचायला शिकलो.

कॉपरबेल्टची लेक

गोदाकाठ, तुम्ही वसाहतीबद्दल विचारलं होतंत. २०१२ मध्ये मी बाबांना घेऊन किटवेला गेले. शाळा उभी आहे. वर्गात नव्वदच्या वर मुलं. शेजारचे ते खाणवाले काका १९९९ मध्ये कामावरून कमी झाले. भरपाईत त्यांना राहतं घर मिळालं, कारण तेव्हा सरकारने घरं भाडेकरूंना विकली होती. त्याच घराच्या एका खोलीत ते कोंबड्या पाळत होते. मी विचारलं, मत देता का अजून? म्हणाले, दर वेळी देतो, आदल्या वर्षीही दिलं आणि सरकार बदललं. २०११ ची निवडणूक, मायकल साटा जिंकले ती. बाबांशी ते काउंडांबद्दल खूप बोलले, आणि दोघांचं त्यावर एकमत होतं.

अॅड. सावनी

२०११ महत्त्वाचं आहेच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रुपिया बांडा हरले आणि जाहीर भाषण करून बाजूला झाले. पण मला कायम खटकायचं ते वेगळं. २००१ मध्ये म्वानावासा फक्त २९ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. दुसऱ्या क्रमांकाचे माझोका २७ टक्क्यांवर. सत्तर टक्के देश विरोधात आणि अधिकार मात्र सगळे हातात. २०१६ च्या घटनादुरुस्तीने निम्म्याहून जास्त मतांची अट आली, ती फार उशिरा आली.

पिंपळपान

आणि २०२१? त्या वर्षी विरोधी पक्षाचे हिचिलेमा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्याची बातमी इथे आली होती. ते सहाव्या प्रयत्नात जिंकले असं वाचलेलं आठवतं. तेव्हाही सत्ताधारी शांतपणे गेले का?

दूरदेशी

@पिंपळपान, गेले, पण सहज नाही. हिचिलेमांना २०१७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली चार महिने तुरुंगात ठेवलं होतं, कारण त्यांच्या ताफ्याने राष्ट्राध्यक्ष लुंगूंच्या ताफ्याला वाट दिली नाही. १२ ऑगस्ट २०२१ ला मतदान झालं. मतमोजणी चालू असतानाच लुंगू म्हणाले की निवडणूक मोकळ्या वातावरणात झाली नाही. पण मतं प्रत्येक मतदान केंद्रावरच मोजली जात होती, आकडे केंद्राच्या दारावर लागत होते आणि विरोधी पक्षाची तरुण मुलं त्यांचे फोटो काढून पाठवत होती. चर्चच्या निरीक्षक गटाने नमुना केंद्रांवरून समांतर मोजणी केली होती, ती अधिकृत निकालाशी जुळली. हिचिलेमा ५९ टक्के, लुंगू ३९ च्या आत. फरक दहा लाखांच्या आसपास मतांचा. १६ तारखेला लुंगूंनी पराभव मान्य केला. समांतर मोजणीची ही पद्धत झांबियात पहिल्यांदा वापरली गेली ती १९९१ मध्ये, जिमी कार्टरांच्या निरीक्षकांनी. आता ती तिथलेच लोक चालवतात.

काउंडा त्याच वर्षी १७ जूनला गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. हा निकाल त्यांना दिसला नाही.

गोदाकाठ

आणि खाणकामगारांची संघटना? ती आता आहे का कुठे?

दूरदेशी

आहे. पण एका उद्योगात एकच संघटना ही अट नव्वदच्या दशकातच गेली, त्यामुळे खाणीत आता एकाहून जास्त संघटना आहेत आणि सदस्य वाटले गेलेत. त्याहून मोठी अडचण म्हणजे खाणीतलं बरंच काम कंत्राटदारांकडे गेलंय. कंत्राटी माणसाचा पगार कायम कामगारापेक्षा कमी, करार थोड्या मुदतीचा, आणि संघटनेत गेला तर करार पुढे मिळेलच असं नाही. २०२० मध्ये देशाने परकीय कर्जाचा हप्ता थकवला, त्यानंतरच्या वाटाघाटी वित्तमंत्री, चीन, आयएमएफ आणि रोखेधारक यांच्यात झाल्या. १९८६ मध्ये पिठाचा भाव ठरवताना किटवेचे कामगार काय करतील याची धास्ती सरकारला होती. या वेळच्या वाटाघाटींत तशी धास्ती कुणाला होती असं मला कुठे दिसलं नाही. मलावीचं १९९३ चं सार्वमत आणि तिथल्या बिशपांचं पत्र यावर लिहा असा व्यक्तिगत निरोप दोघांकडून आलाय. तिथे संघटित कामगार फारसे नव्हते, म्हणून तो विषय वेगळ्या बाजूने मांडावा लागेल. त्यासाठी दुसरा धागा काढतो.